बिनकष्टाचे गुलाब

माणसाची खरी पारख त्याच्या बागेवरून होते, असं माझे वडील म्हणत. हे वाक्य ते इतक्या संथपणे उच्चारत की ऐकणाऱ्याला एखाद्या जुन्या ग्रंथातलं वचन कानावर पडतंय असं वाटावं. ऐकणारा बहुधा आमच्या ओटीवर बसलेला असे, आणि ओटीवरून आमची बाग समोरच दिसे. तगर, कण्हेर, कोरांटी आणि कुंपणावर माजलेली गोकर्ण. म्हणजे जांभ्या दगडाने ज्याला हरकत घेतली नाही आणि गुरांनी ज्याला तोंड लावलं नाही, तेवढं सगळं आमच्या बागेत होतं. पाहुणा एकदा बागेकडे बघे, एकदा वडिलांकडे बघे आणि विषय बदली.

बाग बिनकष्टाची असावी, हे त्यांचं दुसरं मत. झाडाने आपलं आपण जगावं, माणसाने त्याच्याकडे बघून समाधान मानावं. बघण्याचं काम वडील करत. न्हाणीच्या पाण्याचा पाट बागेतून फिरवलेला होता, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की बागेची निगाही झाली, असं समजलं जाई.

वडील रत्नागिरीला मोठ्या कचेरीत शिरस्तेदार होते. साहेब येत, दोन-तीन वर्षांत आंब्याला आणि पावसाला कंटाळून बदली मागून घेत. शिरस्तेदार जागेवर असत. पण शिरस्तेदारालाही पंचावन्नावं वर्ष लागतं, आणि वडिलांचं ते जवळ आलं होतं. त्यापुढे नोकरीची मुदत वाढवून द्यायची की नाही, हे सर्वस्वी साहेबाच्या मर्जीवर.

या मर्जीत माझंही काही अडकलेलं होतं. मी तेव्हा मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होते. वर्गात मुली दोनच. आम्ही पहिल्या बाकावर बसत असू आणि सगळा वर्ग आमच्या पाठीकडे बघून शिकत असे. मला पुढे पुण्याला कॉलेजात जायचं होतं. वडिलांचा विरोध नव्हता. त्यांनी हा विषय कचेरीतल्या प्रकरणासारखाच हाताळला. मुदतवाढ मिळाली, तर मुलगी पुण्याला. न मिळाली, तर पेन्शनीत एक घर इथे आणि एक खोली तिथे झेपणार नाही, म्हणून मुलीचं लग्न. दोन्ही बाजू स्वच्छ लिहून काढल्यासारख्या होत्या. निकाल माझ्या हातात नव्हता, त्यांच्याही नव्हता. तो साहेबाच्या हातात होता, आणि साहेब मडमेचं ऐकतो अशी कचेरीची पक्की समजूत होती.

मडमेला फुलझाडांचा नाद होता. तिने कुठूनशी बुटक्या गुलाबांची रोपं आणवली, बंगल्यात त्यांच्या फांद्या लावून आणखी रोपं केली आणि नाताळच्या सुमारास कचेरीतल्या वरच्या मंडळींच्या घरी एकेक कुंडी पाठवली. आमची कुंडी पट्टेवाल्याने डोक्यावरून आणली. त्याने ती ओटीवर ठेवली आणि वडिलांना सलाम केला. वडिलांनी उठून सलाम घेतला. तो पट्टेवाल्याचा होता की कुंडीचा, हे मला कळलं नाही. सोबत निरोप होता: पुढच्या थंडीत बाईसाहेब सगळ्यांच्या बागा बघायला जातीने येणार आहेत.

झाड वीतभर उंच होतं. त्याला कोटाच्या गुंडीएवढं एक गुलाबी फूल होतं, पण सगळं रीतसर, पाकळीवर पाकळी. आईने पदराला हात पुसत ते नीट बघितलं आणि म्हणाली, मोठं झालं की बघू कसं दिसतं ते.

वडिलांनी सांगितलं की हे एवढंच राहतं. पूर्ण वाढ झालेलं आहे.

"म्हणजे आजारी नाही, असंच आहे?" आई म्हणाली.

वडिलांना ते आवडलं नाही. त्यांनी बाईसाहेबांचं म्हणणं आम्हाला ऐकवलं. हा गुलाब लहान कुटुंबाच्या बागेसाठीच काढलेला आहे. छाटणी नको, मांडव नको, माळी नको. लावायचा आणि विसरून जायचं. हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की विलायतेत वडिलांसारखंच मत असणारं आणखी कुणीतरी आहे.

विसरणं मात्र जमलं नाही. ओटीच्या पायऱ्यांजवळ लाल माती टाकून आईने ते झाड जमिनीत लावलं, दोन फांद्या खुपसून आणखी रोपं केली, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या झाडांखेरीज काही आठवेनासं झालं. फाल्गुनात मुंग्या आल्या. चैत्रात खारा वारा सुटला आणि पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. वैशाखात जमीन इतकी तापली की संध्याकाळी घातलेलं पाणी मुळांपर्यंत जाण्याआधीच वाफ होऊन वर येई. मी शाळेतून आले की दप्तर टाकून आधी झाडांकडे जाई. हे सगळं हास्यास्पद आहे, हे मला तेव्हाही दिसत होतं. माझं पुढचं आयुष्य एका वीतभर झुडपाला किती कळ्या येतात यावर टांगलेलं होतं. पण एखादी गोष्ट हास्यास्पद आहे म्हणून ती टळते असं नाही.

पावसाळ्यात नारळीच्या झापांचं छप्पर करून आम्ही झाडांवर ठेवलं. ते वाऱ्याने उडे, मग आई आणि मी पावसात जाऊन ते पुन्हा बसवू. एकदा आई दोन्ही हातांनी झाप धरून उभी होती, तिच्या पाठीवरून पाणी वाहत होतं, आणि वडील ओटीवर आलेल्या मामलेदारांना सांगत होते की या गुलाबाला काहीच करावं लागत नाही. आषाढात झाडाची सगळी पानं काळे ठिपके पडून गळाली. नुसत्या काट्यांच्या काड्या राहिल्या. मी वडिलांना बोलावून दाखवलं. ते पायरीवर उभे राहून थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले की झाड विश्रांती घेतं आहे.

पण नवरात्रात खरोखरच तांबूस कोंब फुटले. आईने ते कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं. बोललं तर दृष्ट लागेल अशी तिला भीती. दिवाळी झाली आणि झाडं फुलांनी भरली. झुडूप दिसेना, नुसत्या गुलाबी गुंड्या. वडील कचेरीत जाताना पायरीवर थांबू लागले. आता फक्त थंडी पडायची आणि मडम यायची होती.

मग एका सकाळी उठून बघितलं तर झाडावर एकही फूल नव्हतं.

चोरी नव्हती ती. आमच्याकडे देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत. पहाटे परडी घेऊन बाहेर पडायचं, वाटेतल्या कुंपणावरून, कोणाच्या अंगणातून, हाताला येतील ती फुलं घ्यायची आणि घरी येऊन पूजा करायची, हा सगळ्या आळीचा नेम. मालक समोर असला तरी तो काही बोलत नाही, फार तर वरच्या फांदीवरचं फूल काठीने काढून देतो. देवाच्या फुलाला नाही म्हणणारं घर आमच्या आळीत नव्हतं आणि आमचंही नव्हतं. इतकी वर्षं आमच्या तगरीची फुलं अशीच जात आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे.

शेजारच्या काकू दुपारी येऊन आईला कौतुकाने सांगून गेल्या. मोठा गुलाब वाहिला की देव्हाऱ्यातला देवच झाकून जातो, हे फूल मात्र देवाच्या मापाचं आहे.

"वहिनी, आमच्या बाळकृष्णाच्या कानावर ठेवलं. काय गोड दिसतो म्हणून सांगू. तुम्हालाच पुण्य लागणार हो याचं."

आई म्हणाली, लागो.

झाड बुटकं असल्याचा तोटा तेव्हा कळला. उंच झाडाची वरची फुलं तरी वाचतात. याची सगळी फुलं गुडघ्याच्या खाली. म्हाताऱ्यांना वाकून आणि पोरांना न वाकता मिळत. दोन-तीन दिवसांत त्याची कीर्ती खालच्या आळीपर्यंत गेली. कळी रात्री फुगे, पहाटे उमले आणि उजाडायच्या आत कोणाच्या तरी देव्हाऱ्यात पोचे. आम्ही आमच्या झाडाचं उमललेलं फूल बघायला शेजाऱ्यांकडे जात होतो.

मी वडिलांना म्हटलं की निदान मडम येईपर्यंत लोकांना नको म्हणून सांगू या. ते म्हणाले, कोणत्या तोंडाने? देवासाठी नको आणि मडमेसाठी हवं, असं सांगायचं? ते खरंच होतं. तसं आम्हाला हवं होतं, पण तसं सांगता येत नव्हतं.

त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो त्यांना स्वतःला फार पसंत पडला. आमच्याकडे एखादी वस्तू देवाला बोलली, म्हणजे अमुक देवाला देईन असं तोंडाने म्हटलं, की ती त्या देवाची झाली. मग तिला दुसरं कोणी हात लावत नाही. वडिलांनी संध्याकाळी ओटीवर चार माणसं जमलेली असताना जाहीर केलं की हे गुलाब आपण ग्रामदेवाला बोललो आहोत. फक्त ग्रामदेवाला. दुसऱ्या देवाला याचं फूल चालणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून परड्या यायच्या थांबल्या. काकू कुंपणापलीकडून झाडाला हात जोडून जाऊ लागल्या. वडील जेवताना म्हणाले की बघा, एका शब्दात काम झालं.

आई वाढता वाढता म्हणाली, "शब्द कोणाला दिलात ते आठवतंय ना?"

ग्रामदेवाचं देऊळ टेकडीखाली होतं आणि तिथली पूजा गुरवाकडे होती. त्याच्या कानावर ही बातमी जायला जेमतेम आठवडा लागला. एक दिवस पहाटे तो आला, पायरीवर बसला, झाडांना नमस्कार केला आणि एकेक फूल हलक्या हाताने खुडून केळीच्या पानात ठेवू लागला. काम तो फार श्रद्धेने करत होता. एकही फूल राहू नये म्हणून पानं उचलून खाली बघत होता. देवाच्या नावाचं फूल झाडावर सुकलं तर दोष घराला लागतो, हे त्याने आईला समजावून सांगितलं. मग तो रोज येऊ लागला. पूर्वी आळीतल्या बायका अधूनमधून दोन-चार फुलं चुकून ठेवत. गुरव काही ठेवत नसे.

अशात मडमेचा दिवस ठरला. मार्गशीर्षातला शनिवार, सकाळी आमच्याकडे.

वडिलांनी गुरवाला बोलावून घेतलं. त्यांनी जे सांगितलं त्यात विनंती होती, पण ऐकायला हुकुमासारखं लागलं. त्यांना दुसऱ्या तऱ्हेने बोलण्याची सवय नव्हती. त्या एका दिवशी फुलं झाडावर राहू द्यावीत. गुरव अवघडला. डोक्याला गुंडाळलेला पंचा सोडून त्याने हातात घेतला.

"दादानु, फुलं माजी असती तर मी झाडासकट दिली असती. तुमी देवाला बोललाव. आता देवालाच इचारूक हवं."

आई आतल्या दारात उभी होती. गुरव गेल्यावर ती म्हणाली, "देताना विचारलंत नाही. आता परत घेताना विचारा."

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाची मूर्ती धुवून तिच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर ओल्या कळ्या, पाकळ्या किंवा पानं चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीचा तंटा, सोयरीक, दुखणं, सगळं आमच्याकडे असं विचारलं जातं. माझे वडील मिल आणि स्पेन्सर वाचलेले होते आणि कौलावर विश्वास ठेवणाऱ्यांना ते हसत. पण त्या गुरुवारी ते धोतर नेसून, डोक्याला पागोटं घालून देवळात गेले. मला बरोबर घेतलं. कारण सांगितलं नाही.

आमच्या आधी पालीकडून आलेला एक माणूस होता, त्याची म्हैस हरवली होती. गुरवाने नेहमीची पानं लावली, गाऱ्हाणं घातलं, आणि बोलणं पुरं व्हायच्या आत उजवं पान पडलं. माणूस देवाच्या पाया पडून म्हैस शोधायला चालू लागला. त्याची पाठ बघताना मला त्याचा हेवा वाटला.

आमचं आलं तेव्हा गुरवाला एक चांगली गोष्ट सुचली. त्याने नेहमीची पानं बाजूला ठेवली आणि सकाळी आमच्याकडून नेलेल्या फुलांतली एक-एक पाकळी घेतली. "तुमच्याच झाडाची लावतंय," तो म्हणाला, "म्हंजे देवाला खूण पटंल."

पाकळी तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. तिला वजन असं नव्हतंच. ओल्या दगडावर ती बसली ती कातडी चिकटावी तशी. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. हे लेकरू तुझ्या दारात आलं आहे, बोललेली फुलं एका दिवसापुरती मागतं आहे, होय असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. आम्ही वाट बघितली. समईचा उजेड हलत होता, तेवढंच. उजवी हलली नाही. डावीही हलली नाही. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी आवाज चढवून. वडील हात जोडून उभे होते आणि त्यांची नजर उजव्या खांद्यावरून ढळत नव्हती. सरकारच्या मोठमोठ्या कागदांवर शेरे मारणारा माणूस एका पाकळीकडे असा बघत होता, की मला तिकडे बघवेना. मी पायांकडे बघत राहिले. मीही मनात उजवी, उजवी म्हणत होते. ती पडली असती तर मी त्या दिवसापासून आस्तिक झाले असते.

मागे माणसं खोळंबली. शेवटी गुरव हलक्या आवाजात म्हणाला, "देव इचार करतो हा. सोमवारी येवा."

सोमवार म्हणजे शनिवारनंतरचा.

घरी येताना मी वडिलांना म्हटलं की देव नाही म्हणाला नाही. तेव्हा आपण फुलं ठेवायला हरकत नसावी. ते चालता चालता थांबले. जिथे वरून उत्तर आलेलं नाही, तिथे आधी चालू असेल तेच चालू ठेवायचं, हा कचेरीचा नियम आहे, असं त्यांनी मला सांगितलं. हा नियम त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांना लावला होता. आता स्वतःला लावताना त्यांना तो मोडता येईना. मला वाटतं, त्यांना मोडायचा होता. पण ते काम त्यांना येत नव्हतं.

शनिवारी पहाटे गुरव आला आणि सगळी फुलं घेऊन गेला. आम्ही तिघं ओटीवर उभे होतो. मी वडिलांकडे बघितलं, वडिलांनी आईकडे बघितलं, आईने गुरवाला जाताना दोन केळी दिली.

मडम आली तेव्हा झाडं अगदी नेटकी, हिरवी आणि रिकामी होती. साहेब बरोबर होता. वडिलांनी कोट घातला होता. मडम वाकून बराच वेळ झाडाकडे बघत राहिली आणि मग तिने इंग्रजीत विचारलं की याला फुलं येत नाहीत का. वडिलांनी खरं ते सांगितलं: येतात, रोज येतात, पण पहाटेच देवाला जातात. ते बचाव म्हणून बोलले होते. मडमेचा चेहरा मात्र एकदम बदलला. तिने साहेबाच्या बाहीला हात लावला आणि काहीतरी हळू सांगितलं. साहेबाने वडिलांकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं, आदराने म्हणावं अशा. ती दोघं गेल्यावर वडील कोट न काढताच बसून राहिले आणि म्हणाले की ठीक झालं. आईनेही त्या दिवशी गोड केलं. मी पुण्याला न्यायच्या पुस्तकांचा ढीग वेगळा लावला.

मार्चअखेर साहेबांच्या बंगल्याच्या हिरवळीवर वडिलांच्या सत्काराचा समारंभ झाला. बायकांना मागे बाकं होती. आधी ईशस्तवन, मग हार, मग पुन्हा एक ईशस्तवन, कारण दुसऱ्या गाणाऱ्याने तयारी केली होती. मग साहेब उठला. साहेबांच्या भाषणाचं मराठी करायचं काम नेहमी शिरस्तेदाराचं, म्हणून त्या दिवशीही वडीलच शेजारी उभे राहिले. साहेब एक वाक्य बोले, वडील ते मराठीत सांगत. साहेब म्हणाला की असा शिरस्तेदार त्याने पाहिला नाही. वडिलांनी ते सांगितलं. साहेब म्हणाला की यांना आणखी दोन वर्षं ठेवून घ्यावं असं त्याच्या मनात होतं. वडिलांनी तेही सांगितलं. मग साहेब जरा लांब बोलला.  वडील नेहमीच्याच संथ आवाजात म्हणाले:

"परंतु ज्या गृहस्थाच्या बागेतलं प्रत्येक फूल रोज पहाटे ईश्वराच्या चरणी जातं, त्याची उरलेली वर्षं कागदांत जावीत, हे बाईसाहेबांना योग्य वाटलं नाही. त्यांच्या शब्दाखातर आपण शिरस्तेदारांना आज मोकळं करत आहोत."

टाळ्या खूप झाल्या. मडमेने डोळ्यांना रुमाल लावला. वडिलांनी शेवटचं वाक्यही सांगितलं, आभाराचं, आणि वाकून नमस्कार केला.

 घरी परतताना फाटकाशी आल्यावर आई म्हणाली, "मराठी छान केलंत." वडिलांनी मान हलवली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि तिने त्यातल्या त्यात खरं असलेलं तेवढं शोधून काढलं.

मी मॅट्रिक पास झाले. निकाल लागला तेव्हा मला चांगले गुण पडल्याचं सांगायला मास्तर घरी आले, पण मी सासरी होते. लग्न वैशाखातच होऊन गेलं होतं. वडिलांनी त्यांना ओटीवर बसवून सरबत दिलं आणि निकाल ऐकून घेतला.

पुणं मी पुढे बऱ्याच वर्षांनी पाहिलं. दाढ काढायला गेले होते.